रस्त्यावरच्या साडेबारा चौरस मीटरचा हिशेब

प्रश्न असा आहे: "आमच्या शहरात महापालिका पुन्हा पे अँड पार्क आणतेय. चारचाकीला तासाला वीस रुपये म्हणतात. हा वीसचा आकडा येतो कुठून? आणि आम्ही रोड टॅक्स भरलेला असताना हे पैसे जातात कुणाच्या खिशात?"

मी सव्वीस वर्षं वाहतूक नियोजनात काम करतोय. त्यातली बरीचशी पार्किंगच्या सर्वेक्षणात आणि महापालिकांसाठी निविदांचे मसुदे तयार करण्यात गेली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. माझ्या अनुभवात ठेका पद्धतीत गोळा होणाऱ्या पैशाचा मोठा भाग ठेकेदाराकडे राहतो, ठरलेली रक्कम महापालिकेच्या तिजोरीत जाते आणि ज्या रस्त्यावर ते पैसे गोळा झाले त्या रस्त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. दर चुकीचा ठरतो तो यामुळेच. तो बरोबर ठरावा यात कुणाचाच फायदा नसतो.

रोड टॅक्सचं एका वाक्यात सांगतो. मोटार वाहन कर राज्य सरकारचा असतो, महापालिकेचा नाही, आणि तो गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी असतो, दिवसभर उभी करून ठेवण्यासाठी नव्हे.

आता जागेचं बोलू. एका चारचाकीला उभं राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, आपल्या भाषेत 135 चौरस फूट. समजा त्या रस्त्यावर दुकानाचं भाडं चौरस फुटाला महिना 100 रुपये आहे. मग तेवढ्या जागेचं भाडं झालं 13,500. तीच जागा गाडीला तासाला वीस रुपयांनी रोज दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस दिली, तर येतात 5,200. आणि पे अँड पार्क नसेल तर शून्य. त्याच रस्त्यावर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईने मात्र पथ विक्रेता म्हणून नोंदणी करायची, ठरवून दिलेल्या जागेतच बसायचं, शुल्क भरायचं, आणि पाटी दोन फूट पुढे आली की अतिक्रमणच्या गाडीची धास्ती घ्यायची. तिची जागा गाडीच्या जागेच्या पाव हिस्साही नसते. फुकट पार्किंग म्हणजे गरिबाची सोय, असं सभेत कुणी म्हणालं की मला ती पाटी आठवते आणि राग येतो.

केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलंय की शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगचं शुल्क व्यापलेल्या जमिनीच्या किमतीला धरून असावं. आपल्या महापालिकांच्या प्रस्तावांत हे वाक्य पहिल्या पानावर असतं. दर ठरवताना मात्र शेजारच्या शहरात किती घेतात, मागच्या ठेक्यात किती होता आणि स्थायी समिती किती सहन करेल, या तीनच गोष्टी पाहिल्या जातात. तुमच्या वीस रुपयांचा उगम बहुधा तिथेच आहे.

मग योग्य दर कसा शोधायचा? त्यासाठी रस्ता मोजावा लागतो. आमची पद्धत साधी आहे. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाने एक मुलगा वही घेऊन रस्त्याची एक बाजू चालतो आणि प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहितो. संध्याकाळी वही उघडली की एकच आकडा खाली खाली उतरत गेलेला दिसतो. एका शहरातल्या कापडबाजाराच्या रस्त्यावर आम्ही हे केलं होतं. दुकानांसमोरच्या जागा सकाळी दहालाच भरल्या होत्या, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी. नऊ चाळीसला लागलेली पांढरी गाडी रात्री पावणेनऊला हलली. ती समोरच्याच दुकानाच्या मालकांची होती. तिच्या मागची त्यांच्या भावाची. त्यामागे ओळीने कामगारांच्या दुचाकी. पार्किंगला पैसे लावले तर धंदा बसेल, असं निवेदन देणाऱ्यांत हेच काका पुढे होते. मी त्यांना वही दाखवली. बराच वेळ ते पानं उलटत राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक तीन चकरा मारून परत जातं, हे आम्हालाही दिसतं. पण आमची गाडी ती आमचीच, असं कधी वाटलंच नव्हतं." त्यांचं मला वाईट वाटलं नाही. फुकट जागा मिळाली की कुणीही तेच करेल.

हे दुखणं जुनं आहे. जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे नाणं टाकून ठरावीक वेळ जागा घ्यायचं यंत्र, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत 16 जुलै 1935 रोजी बसलं, तासाला पाच सेंट दराने. कारण हेच होतं: गावातल्या नोकरदारांच्या गाड्या दिवसभर दुकानांपुढे उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे. मीटरची कल्पना लढवणारे कार्ल मगी वृत्तपत्राचे संपादक होते. जागा मोकळी होत राहावी, हा तिथे मुख्य उद्देश होता. महसूल त्या ओघात आला.

मी आजही दर याच कसोटीवर पारखतो. गर्दीच्या वेळी सात जागांपैकी एखादी मोकळी सापडत असेल तर दर बरोबर. एकही सापडत नसेल तर कमी. अर्ध्या रिकाम्या असतील तर जास्त. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हा विचार उभी हयात मांडला. 2025 मध्ये ते गेले. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून तो प्रत्यक्षात आणला. साधारण 7,000 जागांवर सेन्सर बसवले आणि काही आठवड्यांनी एकेका रस्त्याचा दर थोडा वर किंवा खाली नेत राहिले, जागा 60 ते 80 टक्के भरलेल्या राहाव्यात एवढं बघून. प्रयोगाच्या शेवटी मीटरचा सरासरी दर किंचित उतरला होता. मोजक्या गर्दीच्या रस्त्यांवर दर चढले आणि बाजूच्या कमी गर्दीच्या गल्ल्यांत उतरले, एवढाच त्याचा अर्थ. हे उदाहरण मी नगरसेवकांना आवर्जून सांगतो, कारण दराचं नाव काढलं की दरवाढच, असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय.

सेन्सरशिवाय हे जमत नाही, असंही समजू नका. वहीवाला मुलगा तीन महिन्यांतून एकदा फिरवला तरी पुरतं.

दुचाकीचा दर मात्र वेगळा मोजायचा. एका चारचाकीच्या जागेत सहा दुचाकी बसतात, तेव्हा दर सहावा हिस्सा असायला हवा. चारचाकीला वीस असतील तर दुचाकीला तीन-साडेतीन. वीसला पाच म्हटलं की दुचाकीवाल्याला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त भरावं लागतं, आणि पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात विरोधाची ठिणगी तिथेच पडते.

पुण्याचंच घ्या. मार्च 2018 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने गदारोळात वाहनतळ धोरण मंजूर केलं, पण आधी पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर करू, अशी अट घालून. पुढे तेही रखडलं. त्याच सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेल्याच्या बातम्या गाजत होत्या. (या आकड्यात भंगारात गेलेल्या गाड्याही असतात, म्हणून मी तो जपून वापरतो.) तेव्हा मी अनेक बैठकांना होतो. लोकांचा राग पैशापेक्षा संशयाचा होता. "घ्या ना पैसे, पण जाणार कुठे ते सांगा," हे वाक्य मी एवढ्या तोंडांतून ऐकलं की धोरणाच्या मसुद्यात ते नव्हतं याची आजही खंत वाटते.

तर पैसा जातो कुठे? महापालिका रस्त्याची एक पट्टी निविदा काढून ठेक्याने देते. जो वर्षाची जास्त रक्कम देईल त्याला ठेका. ती रक्कम भरली की वरची वसुली त्याची. आकडे समजण्यापुरते धरू. पन्नास जागा, प्रत्येक जागेवर दिवसाला सरासरी आठ तास गाडी, तासाला वीस रुपये. दिवसाचे 8,000, महिन्याचे 2 लाख 40 हजार, वर्षाचे 28 लाख 80 हजार. ठेका गेलाय 9 लाखांना. चार पोरं ठेवली, प्रत्येकी महिना 15,000, तर वर्षाचे 7 लाख 20 हजार. उरले 12 लाख 60 हजार. आता विचारा की ठेका 9 लाखांनाच का गेला. कारण त्या पट्टीवर दिवसाला किती गाड्या लागतात, हे महापालिकेला ठाऊकच नव्हतं. ते मागच्या ठेकेदाराला ठाऊक होतं आणि त्याने सांगायचं काही कारण नव्हतं. मग ठेक्याची मुदत संपते, नवी निविदा निघत नाही, तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ मिळत राहते आणि वसुली जुन्याच रकमेवर चालू राहते. सगळ्यात मोठी गळती मी या मुदतवाढीत पाहिली आहे.

दुसरी गळती पावतीची. एका गावी मी स्वतः गाडी लावली. विशी-बाविशीतला मुलगा आला. गळ्यात पावतीचं मशीन, पण बंद. दुपारी दोननंतर चार्जिंग टिकत नाही म्हणाला. मी पैसे काढल्यावर हळूच विचारलं, "काका, पावती पाहिजे का? पावतीचे तीस होतील, नाहीतर वीस द्या." मी पावतीच मागितली. मग त्याच्याशी बोलत थांबलो. सकाळी नऊ ते रात्री नऊ उन्हात उभा, सुट्टी नाही, आणि संध्याकाळी ठेकेदाराला ठरलेला आकडा द्यायचा. तो भरला नाही तर पगारातून कापणार. असे बिनपावतीचे वीस रुपये त्या आकड्यात जायचे. पार्किंगवाला म्हटलं की लोक या मुलाच्या अंगावर धावून जातात, आणि या सगळ्या व्यवहारात सर्वात कमी कमावणारा तोच असतो.

मुंबईने एक चांगला विचार केला होता. पे अँड पार्कचे निम्मे ठेके महिला बचत गटांना आणि पाव हिस्सा सुशिक्षित बेरोजगारांना राखून ठेवले. रस्त्यांचे अ, ब, क वर्ग पाडून चारचाकीला पहिल्या तासाचे 60, 40 आणि 20 रुपये ठेवले. हेतू दोन्हींमागचा योग्य. पण वरची वसुली ठेकेदाराची ही मूळ रचना तशीच ठेवली की ठेका कुणालाही द्या, नावाआड दुसराच कुणी उभा राहण्याचा धोका राहतोच.

रचना तशीच ठेवून मुदत वाढवली तर काय होतं, हे बघायला शिकागोला जावं लागेल. डिसेंबर 2008 मध्ये, मंदीच्या ऐन भरात, महापौर रिचर्ड डेली यांनी शहरातली सुमारे 36,000 पार्किंग मीटर 75 वर्षांच्या कराराने मॉर्गन स्टॅन्ली या गुंतवणूक बँकेने उभ्या केलेल्या कंपनीला दिली. मोबदला एकरकमी, सुमारे 115 कोटी डॉलर. नगरसभेने प्रस्ताव आल्यापासून काही दिवसांतच 40 विरुद्ध 5 मतांनी तो मंजूर केला. पुढच्या जूनमध्ये शहराच्याच महानिरीक्षकाने, म्हणजे कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, हिशेब मांडला: मीटर शहराकडेच राहिली असती तर त्यांची किंमत यापेक्षा 97 कोटी डॉलरने जास्त होती. मध्यवर्ती भागातला तासाचा दर काही वर्षांत 3 डॉलरवरून साडेसहावर गेला आणि त्या वाढीतला पैसा कंपनीकडे गेला. आलेली रक्कम अंदाजपत्रकातली तूट भरण्यात बहुतेक संपली. गुंतवणूकदारांचं मुद्दल मात्र कराराची साठ वर्षं बाकी असतानाच फिटलं.

मला यातलं सर्वात जास्त डाचतं ते वेगळंच आहे. उत्सवासाठी रस्ता बंद केला, सायकलसाठी पट्टा काढला आणि मीटर बंद राहिली, तर शहराने कंपनीला भरपाई द्यायची, असं करारात आहे. स्वतःच्या रस्त्याचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क शहराने 75 वर्षांसाठी गहाण टाकला. आपल्या गणेशोत्सवात दहा दिवस पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याचं काय होतं ते डोळ्यांपुढे आणा आणि असा करार वाचा.

उलट बाजूला कॅलिफोर्नियातलं पासाडेना. जुन्या बाजारपेठेचा भाग पार उतरणीला लागला होता आणि दुकानदारांना मीटर नको होती, तीच धंदा बसण्याची भीती. 1993 मध्ये शहराने तोडगा काढला: तासाला एक डॉलर घेऊ, पण मीटरचं उत्पन्न याच बाजारपेठेवर खर्च करू. त्यावर विरोध मावळला. शहराने 50 लाख डॉलर कर्ज काढून फुटपाथ, झाडं, दिवे, गल्ल्या आधी नीट केल्या आणि कर्ज मीटरच्या पैशातून फेडलं. मग दुकानदार स्वतःहून संध्याकाळी आणि रविवारीही मीटर चालू ठेवायला तयार झाले. पैसे देणाऱ्याला पैशाचं काम दिसलं.

मुंबईतला आणखी एक लाभार्थी राहिला: बिल्डर. सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला द्या आणि बदल्यात जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, घ्या, अशी योजना 2008 च्या सुमारास आली. मजलेच्या मजले बांधून झाले, पण कित्येक वाहनतळ रिकामे राहिले, कारण खालचा रस्ता स्वस्त किंवा फुकट होता. शेवटी जुलै 2019 मध्ये महापालिकेने वाहनतळांपासून 500 मीटरच्या आत बेकायदा लावलेल्या गाड्यांना 5,000 पासून 23,000 रुपयांपर्यंत दंड लावला. रस्त्यावरचा दर आधीच इमारतीतल्या दरापेक्षा चढा ठेवला असता तर एवढ्या टोकाला जावं लागलं नसतं. पुण्यात मंडईजवळ आर्यन आणि मिनर्वा हे वाहनतळ आहेत, जुन्या चित्रपटगृहांची नावं सांभाळून असलेले. असे वाहनतळ चालतात की नाही, हे बाहेरच्या रस्त्यावरच्या दरावर ठरतं.

दंडाचाही हिशेब ठाऊक असू द्या. एरवी नो पार्किंगचं चलन वाहतूक पोलीस करतात आणि ते पैसे राज्याच्या तिजोरीत जातात. महापालिका दर लावते, पण तो बुडवणाऱ्याला पकडण्याचा अधिकार दुसऱ्याकडे आणि दंडही दुसऱ्याकडे. दोघांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय कुठलंही धोरण चालत नाही. तुमच्या शहरात तशी बैठक झाली आहे का, हे जरूर विचारा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ठेकेदाराला वसुलीत वाटा देऊच नये. त्याला माणसं आणि मशीन पुरवण्याचे ठरलेले पैसे द्यावेत, काम नीट नसेल तर कापावेत, आणि गाडीवाल्याचा प्रत्येक रुपया क्यूआर कोडवरून थेट महापालिकेच्या खात्यात जावा. मग गाड्यांचा आकडा आपोआप महापालिकेकडे राहतो आणि पुढचा दर अंदाजाने ठरवावा लागत नाही. त्या पैशातला ठरलेला हिस्सा, माझ्या मते किमान निम्मा, त्याच रस्त्याचा फुटपाथ, स्वच्छतागृह आणि बसथांबा यावर खर्च व्हावा आणि त्याचा फलक तिथेच लागावा. पेठेतल्या जुन्या वाड्यांतून राहणाऱ्यांना रात्रीचा सवलतीचा पास द्यावा, घरटी एक. दुसऱ्या गाडीला नको.

तुमच्याकडे हरकती-सूचना मागवतील तेव्हा माहितीच्या अधिकारात आधी एवढं मागा: मागच्या ठेक्याची प्रत, त्याला मिळालेल्या मुदतवाढी, महिन्याची वसुली आणि दर ठरवण्याआधी केलेलं सर्वेक्षण. शेवटचा कागद मिळणार नाही असंच मला वाटतं. तसं झालं तर चार जण मिळून एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी तुमच्या रस्त्याची एक बाजू वाटून घ्या, दर अर्ध्या तासाने नंबरांचे शेवटचे चार आकडे लिहा आणि त्या वहीची झेरॉक्स हरकतीला जोडा. कुणाची गाडी आहे ते लिहू नका, गरज नसते. किती वाजता आली आणि किती वाजता गेली, एवढंच पुरतं.